न मुरणारं पाणी

होझेया मेब्रीला लोकांनी दोन नावं दिली होती. रविवारी चर्चमध्ये तो 'डीकन मेब्री' असायचा आणि आठवड्याचे बाकीचे सहा दिवस 'नाही-मेब्री'. हे दुसरं नाव पाठीमागेच घ्यायचं असंही काही नव्हतं. पेट्रोल पंपावर, मासळीच्या दुकानात, कुणाच्या मयतानंतरच्या जेवणातसुद्धा लोक त्याला विचारायचे, "काय नाही-मेब्री, आज कुणाला नाही म्हणून आलास?" तो हसायचा. दुसरं काय करणार?

काम त्याचं सांगायला साधं होतं. काउंटीत गावाबाहेर कुणाच्याच घरापर्यंत गटाराची नळी येत नव्हती. सेप्टिक टँक बसवायचा, तर टाकीतून बाहेर पडणारं पाणी चरांमधल्या नळ्यांतून जमिनीत जिरायला हवं. ते जिरतं का, किती वेळात जिरतं, हे परवाना असलेल्या माणसाने खड्डे खणून, पाणी ओतून, मोजून लिहायचं. त्याच्या सहीचा कागद गेला की आरोग्य खातं पुढची परवानगी देई. तो परवानावाला माणूस म्हणजे होझेया.

आणि माती होती काळी. अलाबामाच्या त्या पट्ट्यात उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडत, की हातातला पाना आत पडला तर काठी घालूनही लागत नसे. हिवाळ्याच्या पावसात तीच माती फुगून इतकी चिकट होई, की पाय वर यायचा आणि बूट खालीच राहायचा. दोन हात खाली खडूचा पांढरा थर. वर चिकण, खाली खडू, पाणी जाणार कुठे? एके काळी इथे कापूस पिकायचा. पिकवणारे होझेयाचे आजे-पणजे आणि जमीन दुसऱ्यांची. कापूस संपला तेव्हा गोऱ्या मालकांनी उंचावरची लाल माती स्वतःकडे ठेवली आणि सखल कोपरे काळ्या कुटुंबांना विकले. लोकांनी ते आनंदाने घेतले. तीन पिढ्या ज्याच्या नावावर वीतभर जमीन नव्हती, तो पाणी मुरतं का बघत बसत नाही. तेव्हा परसाकडे जायला रान होतं.

पुढे लोकांनी ट्रेलरची तयार घरं ओढून आणली, घरात संडास आले, आणि संडासाची नळी मागच्या दाराने निघून सरळ उघड्या चरात, नाही तर रानात सुटू लागली. दुसरा इलाज नव्हता.

होझेया सैन्यातून परतला तो या नळ्यांचं काही तरी करायचं ठरवूनच. सैन्यात तो रस्ते-पूल बांधणाऱ्या तुकडीत होता, माती ओळखायला तिथे शिकला. परत येऊन त्याने परीक्षा दिली आणि परवाना मिळवला. त्या काउंटीत असा परवाना मिळवणारा तो पहिला काळा माणूस. चर्चमध्ये त्याला उभं करून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आता आपला माणूस कागदावर सही करणार, असं जो तो म्हणत होता. त्यालाही तसंच वाटत होतं. कागद आपल्या हातात असेल, पण पाणी आपल्या हातात नाही, हे त्याच्या ध्यानात यायला वर्ष गेलं.

एकदाच त्याने खोटं लिहिलं. अल्फॉन्सो टेट त्याच्या वर्गातला. नवं लग्न, नवा ट्रेलर, बायको पोटुशी. खड्ड्यातलं पाणी चार तासांत बोटाच्या पेराइतकंही उतरलं नव्हतं. होझेयाने 'मध्यम निचरा' लिहिलं आणि सही ठोकली. टाकी बसली, चर खणले गेले, टेटने कोंबडी तळून सगळ्यांना जेवायला घातली. फेब्रुवारीत सलग पाऊस लागला आणि टाकीतलं सगळं उलटं फिरून न्हाणीघरातल्या टबात वर आलं. टेटची बायको तेव्हा तान्ह्या पोरीला तिथेच आंघोळ घालत होती. पोरगी तीन आठवडे आजारी होती. वाचली. टेटने त्याला एका शब्दानेही दोष दिला नाही. उलट म्हणाला, "तू आमचं भलंच बघितलंस रे." हे ऐकण्यापेक्षा त्याने थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं, असं होझेयाला वाटलं. त्यानंतर पाणी जे सांगेल तेच त्याने लिहिलं. चोवीस वर्षं. बहुतेक वेळा पाणी 'नाही' म्हणायचं.

मिस लुव्हेनिया स्क्रग्जचा फोन आला तो दोन हजार तीन सालच्या सप्टेंबरात.

"होझेया, बाळा, कामात आहेस?"

"तुमच्यासाठी नाही, मिस लुव्हेनिया."

"मग ये. आणि तुझ्या त्या खड्डे पाडायच्या वस्तू घेऊन ये. मला पत्र आलंय."

मिस लुव्हेनिया तेव्हा शहात्तर वर्षांच्या होत्या; लग्न झालेलं असलं, तरी तिकडे वडीलधाऱ्या बाईला मानाने 'मिस'च म्हणत. तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात त्यांनी मुलांना जेवू घातलं होतं. चाळिशी-पन्नाशीतले लोकही त्यांना बघून अजून डोक्यावरची टोपी काढत. होझेयाचं नातं त्याहून जवळचं. तो नऊ वर्षांचा असताना त्याच्या आईला क्षयाच्या इस्पितळात ठेवलं होतं. तेव्हा दोन हिवाळे तो लुव्हेनिया आणि त्यांचा नवरा एमेट स्क्रग्ज यांच्या घरी राहिला होता. त्यांच्या थोरल्याबरोबर एका अंथरुणात झोपला होता, एका ताटात जेवला होता. आई बरी होऊन आली, तेव्हा तिच्याबरोबर जायला तो तयार नव्हता. मिस लुव्हेनियांनीच त्याला दरडावून गाडीत बसवलं होतं.

पत्र काउंटीचं होतं. घरातली घाण उघड्यावर सोडली जाते अशी तक्रार आहे, नव्वद दिवसांत परवानगीची टाकी बसवावी, नाही तर कोर्टात हजर राहावं. पत्र घेऊन आलेला शेरीफचा डेप्युटी त्यांच्याच हातचं खाऊन मोठा झालेला. तो पायरीवर नुसता उभा राहिला. शेवटी त्याच म्हणाल्या, "दे बाबा इकडे, आणि आत ये, सरबत पी. तू कुठे लिहिलंयस ते!"

घरात त्यांच्याबरोबर नात होती, रेनिटा. थोरल्या मुलाची मुलगी. तो मुलगा, ज्याच्याबरोबर होझेया एका अंथरुणात झोपायचा, केव्हाच गेला होता. रेनिटा वृद्धाश्रमात आजाऱ्यांची सेवा करायची आणि तिच्या दोन लहान मुली आजीच्या अंगाखांद्यावर वाढत होत्या. धाकटीचं पोट त्या उन्हाळाभर बिघडलेलं होतं. नळी जिथे सुटत होती तो चर घरापासून वीस पावलांवर.

"मिस्टर मेब्री, खरं सांगा," रेनिटा त्याला ट्रकपाशीच गाठून म्हणाली, "होईल का काही?"

"पाणी ओतल्याशिवाय मी बोलत नाही, पोरी."

"म्हणजे नाही."

"मी नाही म्हटलेलं नाही अजून."

"गाव तुम्हाला काय म्हणतं ते मला माहीत आहे," ती म्हणाली आणि हसली. पण तिचे डोळे काही हसत नव्हते.

जमीन अकरा एकर. मिस लुव्हेनियांच्या वडिलांनी घेतलेली. होझेया सकाळपासून फिरला. ओढ्याच्या बाजूला गोड्या पाण्यातल्या झिंग्यांनी मातीचे मनोरे उभारले होते. म्हणजे तिथे पाणी वरच, बघायलाच नको. मग पेकनच्या झाडांखाली दोन, कुंपणाच्या कडेला दोन, घराच्या पूर्वेला दोन, असे सहा खड्डे त्याने खणले. खड्ड्याच्या भिंती सुरीने खरवडल्या, कारण खणताना चिकण माती लिंपली जाते आणि होती-नव्हती ती छिद्रंही बुजतात. तळाला दोन इंच बारीक खडी टाकली आणि खड्डे पाण्याने भरले. माती रात्रभर भिजू द्यायची आणि मोजायचं दुसऱ्या दिवशी.

मिस लुव्हेनिया खुर्ची टाकून, काळी छत्री उघडून बसल्या होत्या. खुर्ची त्या त्याच्यामागे एका खड्ड्यापासून दुसऱ्या खड्ड्यापर्यंत हलवत होत्या.

"उन्हात कशाला बसताय? आत जा."

"माझी जमीन परीक्षेला बसलीय आणि मी आत जाऊन बसू?"

दुसऱ्या दिवशी पहाटेच तो आला, तर त्या आधीच बाहेर. खड्ड्यांत आदल्या दिवशीचं पाणी जवळजवळ तसंच होतं. त्याने ते सारखं केलं, प्रत्येक खड्ड्यावर फळी आडवी टाकली आणि फळीवरच्या खिळ्यापासून पट्टीने पाण्यापर्यंतचं अंतर मोजून वहीत लिहिलं. अर्ध्या तासाने परत. मग परत.

"गेलं का?" मिस लुव्हेनिया विचारायच्या.

"बघू."

"बघू म्हणजे?"

"म्हणजे अजून नाही."

दुपारपर्यंत त्यांनी टीकेक्स, म्हणजे घरची गोड बिस्किटं, खाऊ घातली, एमेटच्या गाढवाची गोष्ट सांगितली, चर्चमधल्या बायकांच्या टोप्यांवरून दोन-तीन चिमटे काढले. एका खड्ड्यापाशी त्या उठून वाकल्या, पाण्यावर हात धरून काही पुटपुटल्या.

"काय केलंत?"

"देवाला म्हटलं, तू समुद्र बाजूला केलास, हे तर बादलीभर आहे."

होझेयाला हसू आलं. त्याने पट्टी लावली. सकाळपासून पाव इंचही नाही. सहाही खड्ड्यांची तीच गत. अशा जमिनीत बसते ती मातीचा मोठा ढिगारा रचून, पंप लावून केलेली व्यवस्था. ती एखाद्या ट्रेलरच्या घरापेक्षा महाग, म्हणजे मिस लुव्हेनियांना 'नाही' म्हटल्यासारखंच.

तो वही मिटून ट्रकच्या पायरीवर बसला. मिस लुव्हेनियांनी खुर्ची त्याच्यासमोर आणून ठेवली.

"होझेया, कालपासून बघतेय. तू ओढ्यापर्यंत गेलास, कुंपणापर्यंत गेलास, कोंबड्यांच्या खुराड्यामागेसुद्धा जाऊन आलास. टेकाडावर नाही गेलास."

त्याने वही खिशात घातली.

"तिकडे मानसुद्धा वळवली नाहीस."

टेकाड म्हणजे घरामागचा छोटा उंचवटा, त्यावर सीडरची चार झाडं. लहानपणी होझेया आणि थोरला तिथेच खेळायचे, कारण पावसातही तिथे पायाला चिखल लागायचा नाही. वाळू होती तिथे. कुठल्या तरी जुन्या नदीने टाकून दिलेली, एवढ्याशा जागेत. मिस लुव्हेनियांच्या वडिलांनी अकरा एकरांतली तीच एक जागा माणसांसाठी राखली होती. तिथे ते स्वतः होते, त्यांची बायको होती, थोरला होता, एमेट होता. थोरल्याची आणि एमेटची शवपेटी खांद्यावर घेऊन होझेया तिथे चढला होता. कबर खणणाऱ्यांनी तासाभरात काम उरकलं होतं हे त्याला आठवत होतं. माती कोरडी, भुसभुशीत. एमेटचा दगड जोड-दगड होता, एका बाजूला त्याचं नाव आणि दोन्ही सालं, दुसऱ्या बाजूला 'लुव्हेनिया', जन्मसाल, आणि पुढे मोकळी जागा.

"मिस लुव्हेनिया, तिथे नको."

"मी तुला नको विचारलं नाही. मी म्हटलं, खण."

"तिथे तुमची माणसं आहेत."

"त्यांच्या अंगावर नाही सांगत. पलीकडे जमिनीची पट्टी उरलीय ना? तिथे खण. मला बघायचंय."

त्याने खणलं. हात जड झाले होते, पण माती हलकी होती. नियम असा की वाळू असेल तर रात्रभर भिजवायचीही गरज नाही. त्याने पाणी ओतलं. दोघं बघत उभे राहिले. पाणी खाली गेलं. पुन्हा ओतलं, पुन्हा खाली गेलं. बारा मिनिटांत इंचभर. चोवीस वर्षांत अशी जमीन त्याने बोटांवर मोजण्याइतक्या वेळा पाहिली होती. एरवी अशा वेळी तो घरच्यांना हाक मारून बोलवायचा, "या, बघा!" आज तो पट्टी पुसत राहिला.

"गेलं," मिस लुव्हेनियाच म्हणाल्या.

"गेलं."

"मग तोंड असं का केलंयस?"

तेव्हा त्याला सांगावं लागलं. कबरी आणि चर यांच्यामध्ये नियमाने ठरावीक अंतर लागतं. एमेटच्या कबरीपासून मोजलं तर चर जेमतेम बसतात. त्याच्या शेजारी आणखी एक कबर आली, तर मोजायचं तिथून, आणि मग टेकाड संपतं.

मिस लुव्हेनियांनी छत्री मिटली. मग एमेटच्या दगडापाशी जाऊन त्यांनी पावलं मोजली, हळूहळू, ओठ हलवत, पट्टीच्या टोकापर्यंत. परत आल्या तेव्हा त्यांना थोडी धाप लागली होती.

"चव्वेचाळीस वर्षं त्या माणसाचं घोरणं ऐकलं मी," त्या म्हणाल्या. "मेल्यावर तरी शांत झोपू दे मला. चर्चच्या आवारात जागा आहे."

रेनिटा कामावरून आली आणि तिला हे कळलं तेव्हा ती ओरडलीच. "आजी, नाही! मी पोरींना घेऊन माँटगोमेरीला जाते. खोली बघते. घर गेलं तर गेलं."

"आणि मी?"

"तूही चल."

"मी त्या शहरात बसून काय करू, गाड्या मोजू? माझ्या बापाने ही जमीन घेतली ती तू सोडावी म्हणून?" मग त्यांचा आवाज खाली आला. "मला फक्त झोपायचंय गं. तुला इथे राहायचंय. कुणाला जागा जास्त लागते, सांग बरं."

रेनिटा पायरीवर बसून रडली. होझेयाने सामान ट्रकमध्ये टाकलं. तो निरोप न घेताच निघाला.

जेवताना त्याने बायकोला सगळं सांगितलं. व्हर्डेल त्याला आडनावानेच हाक मारायची.

"मेब्री, पेकनखालच्या खड्ड्याचा आकडा कुणी बघितलाय? तू, आणि एक म्हातारी."

"टेटची पोरगी आठवते तुला?"

"आठवते. लग्न झालं तिचं. दोन पोरं आहेत." ती ताटं उचलत म्हणाली, "त्या बाईने तुला दोन हिवाळे जेवू घातलं. एवढंच म्हणते."

दुसऱ्या दिवशी तो परत गेला. चोवीस वर्षांत जे केलं नव्हतं ते करायला. मिस लुव्हेनिया भेंडी चिरत बसल्या होत्या. तो उभ्याउभ्याच म्हणाला, "मी पेकनखालच्या जागेचं लिहितो. निचरा होतो म्हणून. टेकाड राहू दे."

त्यांनी सुरी खाली ठेवली. "आणि फेब्रुवारीच्या पावसात? तो कागद पिणार आहे का पाणी?"

"काही वर्षं निघतील."

"कुणाची? माझी निघतील. त्या पोरींची?" त्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो नऊ वर्षांचा झाला. "होझेया, मी तुला खोटं बोलायला नाही शिकवलं. खरं ते लिही आणि मग इथे बसून जेव. भेंडी होतेच आहे."

त्याने खरं ते लिहिलं. मग बसून जेवला. त्यांच्यासमोर ताटात काही टाकायची सोय नव्हती.

नोव्हेंबरात टाकी बसली. टेकाडाच्या पट्टीत चर खणले, नळ्या घातल्या, वर माती ओढली. पहिल्यांदा संडासाची साखळी ओढायचा मान मिस लुव्हेनियांचा. त्या आत गेल्या, पाण्याचा आवाज आला, आणि दार उघडून त्या अशा बाहेर आल्या जणू चर्चमध्ये लग्न लागलंय. रेनिटाच्या पोरींनी टाळ्या पिटल्या. जुनी नळी काढून टाकली, घाणीचा जुना चर बुजवला. वसंतापर्यंत धाकटीच्या गालांवर मांस चढलं. मिस लुव्हेनिया संध्याकाळी टेकाडावर खुर्ची टाकून बसायच्या. पट्टीत गवत दाट आलं होतं, त्यावर त्या पाय टाकायच्या नाहीत. एमेटच्या दगडाच्या अलीकडे बसायच्या आणि त्याच्याशी बोलायच्या. काय बोलत ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

दोन वर्षांनी, फेब्रुवारीत, त्या झोपेतच गेल्या. एकोणऐंशी पूर्ण व्हायला तीन महिने कमी होते.

चार दिवस पाऊस चालू होता. चर्चचं आवार सखल. चर्चला जमीन देताना देणाऱ्याने तसलीच दिली होती. रेव्हरंड गॅडसन यांनी शनिवारी सकाळी होझेयाला फोन केला. "डीकन, जरा लवकर येता का? कबरीत पाणी झालंय."

तो गेला, तर खणणाऱ्या दोन माणसांनी आधीच हात टेकले होते. खणायचं यंत्र चाकं रुतून फाटकापाशी अडकलेलं. कबर खणून झालेली, पण अर्धी भरलेली. गढूळ, राखाडी पाणी, वर पाऊस टपटपत होता. होझेयाने कोट काढला, बादली घेतली आणि आत उतरला. पाणी मांडीपर्यंत आलं. तो बादल्या भरून वर देत होता आणि वरचे दोघं लांब नेऊन ओतत होते. तासाभराने तळ दिसला. तो वर आला, हात पुसले, आणि मागे वळून पाहिलं, तर भिंतींतून पाणी पाझरत होतं. अर्ध्या तासात वीतभर चढलं. पट्टी न लावताही किती चढलं ते त्याला कळत होतं, हेच त्याला सहन होईना. तो पुन्हा उतरला.

"डीकन, पुरे," रेव्हरंड वरून म्हणाले. "उपयोग नाही."

"आणखी एकदा."

"लोक चर्चमध्ये जमलेत. तुम्हाला पेटी धरायचीय. कपडे बदला."

त्याच्याकडे दुसरे कपडे नव्हते. व्हर्डेलने त्याच्या चिखलाच्या पँटवर लांब रेनकोट घातला आणि तशाच अवस्थेत त्याने पेटी धरली. अंत्यविधीवाल्यांनी कबरीभोवती हिरवा गालिचा अंथरला होता, पाणी दिसू नये म्हणून. रेव्हरंडांनी प्रार्थना आटोपती घेतली. पेटी खाली सोडली. पट्टे सैल झाले तेव्हा ती तळाला टेकल्याचा आवाज आला नाही. पाण्यात काही टाकल्याचा आवाज आला, आणि मग पेटी एका बाजूने किंचित हलली, वर उचलल्यासारखी. अंत्यविधीवाल्या माणसाने घाईघाईने लांब काठीने ती दाबून धरली आणि दुसऱ्याने माती लोटायला सुरुवात केली. एरवी माती घरचे लोक परत गेल्यावर टाकतात. पोरींना कुणी तरी तिथून लांब नेलं.

रेनिटा हलली नाही. तिने सगळं ऐकलं आणि सगळं पाहिलं. मग तिने होझेयाकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर त्याला काही तरी बोलता आलं असतं.

जेवणं झाल्यावर ती चर्चच्या जेवणघरात त्याच्याजवळ येऊन बसली. हातात कागदी कप, त्यातली कॉफी गार झालेली.

"मिस्टर मेब्री, आजोबांच्या दगडावरचं आजीचं नाव काढून टाकावं का?"

"तुला काय वाटतं?"

"काढलं तर आजोबा एकटे पडतील. ठेवलं तर खोटं होतं." ती कपाकडे बघत राहिली. "काल धाकटीने विचारलं, आजीला थंडी वाजत असेल का. मी म्हटलं, नाही. तुम्ही असता तर काय सांगितलं असतं?"

"मीसुद्धा नाहीच म्हटलं असतं," होझेया म्हणाला.

ती उठली. जाताना तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, क्षणभरच. त्याला तो हात आठवडाभर जाणवत होता.

त्या वसंतात त्याने आणखी दोन-तीन कामं केली. शेवटचं एका तरुण जोडप्याचं होतं. लग्नाला वर्ष झालेलं, बापाच्या जमिनीच्या कडेला ट्रेलर ठेवायचा होता. त्याने खड्डे खणले, भिजवले, दुसऱ्या दिवशी पाणी सारखं केलं, फळ्या टाकल्या. मग ट्रकमध्ये जाऊन बसला. अर्धा तास झाला. तो उतरला नाही. हात स्टिअरिंगवर होते आणि ते उचलले जात नव्हते. आणखी काही वेळ गेला. काचेवर टकटक झाली.

"मिस्टर मेब्री, वेळ होऊन गेलीय बहुतेक," ती मुलगी म्हणाली. "तुम्हाला बरं नाही का? पाणी आणू?"

"नको." त्याने खिशातून पट्टी काढून तिच्या हातात दिली. "तूच बघ. खिळ्यापासून पाण्यापर्यंत. मोठ्याने सांग."

दोघं नवरा-बायको खड्ड्याशी वाकले. एकमेकांना दाखवत, वाद घालत त्यांनी पट्टी लावली. मुलाने आकडा वाचला. मुलीने त्याला बाजूला सारून पुन्हा वाचला. तोच आकडा; पाणी हललं नव्हतं. होझेयाने तो वहीत लिहिला, दुसऱ्या खड्ड्याचा, तिसऱ्याचा, सहाव्यापर्यंत. मग कागद भरला, सही केली आणि खिडकीतूनच त्यांच्याकडे दिला. मुलीने तो वाचला, घडी घातली आणि नवऱ्याच्या शर्टाच्या खिशात ठेवली.

"मेहेरबानी, मिस्टर मेब्री," ती म्हणाली. "एवढ्या लांब आलात."

जूनमध्ये परवान्याची मुदत संपली. व्हर्डेलने नूतनीकरणाचा फॉर्म आणून टेबलावर ठेवला होता. तो पंधरा दिवस तिथेच पडून राहिला. मग तिनेच तो कोराच उचलला आणि जेवणाची ताटं मांडली.